मदत हवी आहे: शिशकच्या स्वारीचं इ.स.पू. ९२५ हे साल येतं कुठून?

प्राचीन इजिप्तचे आणि बायबलमधले राजे एकाच कालपट्टीवर मांडतो आहे. गाडी एकाच ठिकाणी अडते. बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाप्रमाणे (१४:२५) यहूदाचा राजा रहबाम याच्या पाचव्या वर्षी मिसरचा राजा शिशक यरुशलेमेवर चालून आला आणि मंदिराचा व राजवाड्याचा खजिना घेऊन गेला. हा शिशक म्हणजे बाविसाव्या घराण्याचा संस्थापक शोशेंक पहिला, असं बहुतेक ठिकाणी वाचलं. पण स्वारीचं साल कुठे ९२५, कुठे ९२६. शोशेंकचं राज्यारोहण कुठे ९४५, कुठे ९४३. शिवाय इजिप्तची साल बायबलवरून आणि बायबलची साल इजिप्तवरून ठरवली, असा घोळ तर यात नाही ना? इजिप्तमधल्या कर्नाकच्या मंदिरात शोशेंकच्या स्वारीतल्या ठिकाणांची यादी आहे, तिच्यात यरुशलेमचं नावच नाही हेही खरं का? हिशेब पायरीपायरीने समजला तर बरं होईल.

प्रतिसाद १

घोळ आहे, पण तुम्हाला वाटतो तिथे नाही. बायबलची बाजू इजिप्तवर टेकलेली नाही, ती अश्शूरवर टेकलेली आहे. हिशेब असा करा.

अश्शूरमध्ये दर वर्षाला एका अधिकाऱ्याचं नाव देत आणि त्या नावांची सलग यादी आपल्याकडे आहे. बुर-सागाले या अधिकाऱ्याच्या वर्षात सूर्यग्रहणाची नोंद आहे. खगोलगणिताने ते ग्रहण इ.स.पू. ७६३ च्या १५ जूनचं. त्यामुळे सगळी यादी जागेवर बसते. यादीत मागे मोजत गेलं की तिसऱ्या शल्मनेसेरचं सहावं वर्ष ८५३ येतं. त्या वर्षी करकरची लढाई झाली आणि कुर्खच्या शिलालेखात इस्राएलच्या अहाबाचं नाव २,००० रथांसह येतं. त्याच शल्मनेसेरच्या अठराव्या वर्षी, म्हणजे ८४१ मध्ये, इस्राएलचा राजा येहू याने त्याला खंडणी दिली. दोन्हींत अंतर १२ वर्षांचं.

आता बायबल. अहाब आणि येहू यांच्यामध्ये अहज्याची २ आणि योरामाची १२, मिळून १४ वर्षं. ती १२ मध्ये मावत नाहीत. बहुतेकांचा हिशेब इथेच फसतो. उत्तरेच्या राज्यात, म्हणजे इस्राएलमध्ये, राजा गादीवर आला ते अर्धवट वर्षच त्याचं पहिलं वर्ष धरत, म्हणून तेच वर्ष आधीच्या राजाच्या खात्यातही असतं आणि नव्याच्याही. प्रत्येक राजामागे १ वजा करा: १ + ११ = १२. चपखल बसलं. म्हणजे अहाब ८५३ मध्येच गेला आणि येहू ८४१ मध्ये गादीवर आला.

याच रीतीने मागे जा. यराबाम २२, नादाब २, बाशा २४, एला २, अम्री १२, अहाब २२ (जिम्रीचे सात दिवस सोडून द्या). बेरीज ८४, सहा राजांचे ६ वजा, उरले ७८. ८५३ + ७८ = ९३१. एकसंध राज्य दुभंगून उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदा अशी दोन राज्यं झाली, ते साल हे.

पडताळा यहूदाकडून घ्या. तिथे या काळात राज्यारोहणाचं वर्ष मोजत नसत, त्यामुळे वजाबाकी नाही. रहबाम १७, अबीया ३, आसा ४१, आणि यहोशाफाटाच्या सतराव्या वर्षी अहज्या राजा झाला. १७ + ३ + ४१ + १७ = ७८. वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेल्या दोन राज्यांचा हिशेब एकाच आकड्यावर येतो, म्हणून बायबलच्या कालगणनेचे अभ्यासक एडविन थीले यांची ही मांडणी टिकून आहे. पुढच्या काही राजांसाठी मात्र सहराज्याची (बाप-लेक एकाच वेळी राजे असल्याची) कल्पना करावी लागते आणि तिथे मतभेद आहेत. तुमच्या प्रश्नापुरता त्यांचा त्रास नाही.

९२५ की ९२६, हा फरक वर्ष कुठून सुरू धरता त्याचा. यहूदाचं वर्ष शरद ऋतूत सुरू होतं असं धरलं आणि राज्यारोहणाचं वर्ष सोडलं, तर रहबामाचं पहिलं वर्ष ९३०–९२९, पाचवं ९२६–९२५. सोडलं नाही तर एक वर्ष मागे.

प्रतिसाद २

वरचा हिशेब बरोबर आहे. आता इजिप्तची बाजू, कारण खरा घोळ तिथे आहे.

शोशेंकच्या राजवटीचं सर्वांत वरचं ज्ञात वर्ष २१. ते गेबेल एल-सिल्सिला इथल्या खाणीतल्या शिलालेखावर आहे आणि त्यात कर्नाकच्या बांधकामासाठी दगड काढण्याचा हुकूम आहे. कर्नाकचं ते काम अपुरं राहिलं. त्यावरून तर्क असा: स्वारी राजवटीच्या अखेरीला, विसाव्या वर्षाच्या सुमारास झाली असावी. मग ९२५ मध्ये ती वर्षं मिळवून राज्यारोहण ९४५. इजिप्तचे अभ्यासक केनेथ किचन यांचं ९४५ असं आलं आहे. म्हणजे ९४५ हा आकडा बायबलवरूनच काढलेला आहे, आणि ‘इजिप्तच्या कालगणनेने बायबलची पुष्टी’ म्हणून तो वापरता येत नाही. त्यातली एक कडीही सैल आहे: स्वारी कितव्या वर्षी झाली, हे कर्नाकच्या भिंतीवर कुठेही लिहिलेलं नाही.

९४३ वेगळ्या वाटेने येतं. दाख्ला मरूद्यानातल्या एका शिलालेखावर शोशेंकचं पाचवं वर्ष आणि एका उत्सवाची तिथी आहे. ती चांद्र तिथी धरून इजिप्तचे अभ्यासक रोल्फ क्राउस यांनी पहिलं वर्ष ९४३ काढलं. हा हिशेब बायबलला हात लावत नाही, म्हणून मला तो जास्त मोलाचा वाटतो. मात्र एकटी चांद्र तिथी काही वर्षांनी पुन्हा त्याच जागी येते, त्यामुळे शतक आधी दुसऱ्या पुराव्याने ठरवावं लागतं. इजिप्तची पूर्ण पक्की साल ६६४ पासून पुढची. तिथून मागे बाविसाव्या ते पंचविसाव्या घराण्यांचे राजे एकमेकांवर चढलेले आहेत, म्हणून नुसती बेरीज करू नका. साल कितीतरी मागे जाईल.

यरुशलेमबद्दल: कर्नाकच्या बुबास्टाइट द्वाराजवळच्या भिंतीवर दीडशेच्या वर नावांची यादी होती. मगिद्दो, तानाख, बेथ-शआन, गिबोन, बेथ-होरोन, अय्यालोन ही नावं वाचता येतात. दक्षिणेच्या नेगेव वाळवंटातली नावं ढिगाने आहेत, अराद तर दोनदा. उरलेल्या भागात यरुशलेम नाही. बरीच नावं झिजलेली आहेत, त्यामुळे ‘कधीच नव्हतं’ असं छातीठोक म्हणू नका. १८२८ मध्ये चित्रलिपी उलगडणाऱ्या शाम्पोलियाँने २९ क्रमांकाचं नाव ‘यहूदाचं राज्य’ असं वाचलं. ते वाचन चुकलेलं आहे, ते एका साध्या ठिकाणाचं नाव आहे. जुन्या पुस्तकांतून ते अजून उचललं जातं. १ राजेमध्येही शहर पाडल्याचं म्हटलेलं नाही, खजिना नेल्याचं म्हटलं आहे. खंडणी देऊन वेढा टाळला असेल तर नाव नसणं समजण्याजोगं आहे, पण हा अंदाजच.

प्रश्नकर्ता

फारच उपयोगी, दोघांचेही आभार. दोन शंका. मगिद्दोला शोशेंकचा शिलालेख मिळाला, मग तिथला जळालेला थर ९२५ चा धरू का? आणि प्रचलित कालगणना बदलू पाहणारे लेखक डेव्हिड रोल शिशक म्हणजे रामसेस दुसरा म्हणतात, त्याचं काय?

प्रतिसाद २

थर धरू नका. शिलालेखाचा तो तुकडा शिकागो विद्यापीठाच्या उत्खनन मोहिमेला आधीच्या उत्खननातून टाकलेल्या मातीच्या ढिगात मिळाला, त्यामुळे तो कोणत्या थरातला हे सांगता येत नाही. आणि जिथे आपला विजयस्तंभ उभारायचा ते शहर राजा बेचिराख करेलच असं नाही. त्या तुकड्यावर शोशेंकची नावं आहेत. कर्नाकची यादी जुन्या याद्यांची नक्कल नसावी, या मताला त्यामुळे मोठा आधार मिळतो. तुकड्याचं महत्त्व एवढं, आणि ते थोडं नाही.

प्रतिसाद १

रोल यांच्या मांडणीत रामसेस दुसरा (१२७९–१२१३) सुमारे साडेतीनशे वर्षं खाली, म्हणजे अलीकडे, येतो. मग त्याच्याशी तह करणारा हित्ती राजा हत्तुसिली तिसराही खाली ओढावा लागतो, आणि हत्तुसिलीचा पत्रव्यवहार बाबिलोन-अश्शूरच्या राजांशी होता, म्हणजे तेही खाली. रामसेसचा मुलगा मर्नेप्ताह याच्या पाचव्या वर्षाच्या शिलालेखात इस्राएल हे नाव देश म्हणून नाही, लोकसमूह म्हणून येतं. रहबामानंतरच्या काळाशी ते जुळत नाही. २०१० मध्ये इजिप्तमधल्या दोनशेहून अधिक वनस्पती-नमुन्यांचं कार्बन-१४ मापन प्रसिद्ध झालं, तेही प्रचलित कालगणनेच्या बाजूने गेलं.

कालपट्टीवर दोन वेगळ्या ओळी ठेवा. यहूदाच्या ओळीत ‘रहबाम, पाचवं वर्ष: ९२६/९२५’. इजिप्तच्या ओळीत ‘शोशेंक पहिला: सुमारे ९४३–९२२’, आणि स्वारीसाठी एक बिंदू न देता आडवी पट्टी. दोन्ही ओळींना जोडणारी रेघ तुटक काढा आणि तिच्या बाजूला ‘१ राजे १४:२५’ लिहा. २ इतिहास १२ मधले १,२०० रथ आणि ६०,००० घोडेस्वार पट्टीवर घालू नका. ती संख्या नंतरच्या ग्रंथातली आहे.