'स्थिर', 'मालकीचा', 'टेन्टेड': ड्रायव्हरच्या लेखात कोणते शब्द वापरावेत?

प्रश्न : लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या ड्रायव्हरवरचा (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडवरचा) लेख मराठीत करतोय. 'स्टेबल ड्रायव्हर इंटरफेस'ला 'स्थिर' आणि 'प्रोप्रायटरी ड्रायव्हर'ला 'मालकीचा' लिहिलंय. खटकतंय का?

प्रतिसाद १ : 'स्थिर' खटकतंय. कर्नलची, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याची, 'स्टेबल' आवृत्ती म्हणजे तपासून झालेली, भरवशाची. इंटरफेस, म्हणजे ड्रायव्हर कर्नलला जिथे जोडला जातो ती फंक्शनं, 'स्टेबल' म्हणजे त्याचा आकार पुढच्या आवृत्तीतही तोच राहील, याची हमी. लिनक्समध्ये पहिली गोष्ट आहे, ड्रायव्हरसाठी दुसरी नाही; दोन्हींना 'स्थिर' म्हटलंत तर वाचक चक्रावणार. मी 'न बदलणारा इंटरफेस' लिहीन.

आणि कुठला इंटरफेस तेही सांगा. साधे प्रोग्राम कर्नलकडून काम करून घ्यायला वापरतात ते सिस्टम कॉल लिनक्स जपतं. कर्नलच्या आतली फंक्शनं मात्र केव्हाही बदलतात. कर्नलचे एक प्रमुख विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्यामागची भूमिका कर्नलच्या दस्तऐवजातच मांडली आहे: तुमचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये द्या, म्हणजे इंटरफेस बदलणाराच तोही दुरुस्त करील. सोर्स (मूळ कोड) न देणाऱ्यांची यात पंचाईत होते, आणि ती व्हावी असं बऱ्याच जणांना वाटतं!

प्रतिसाद २ : फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये एकाच मुख्य आवृत्तीच्या शाखेत कर्नलच्या आतला हा इंटरफेस शक्यतो मोडत नाहीत. अँड्रॉइडनेही आपल्या कर्नलपुरता तो गोठवलाय. 'गोठवलेला' कसा वाटतो?

प्रतिसाद १ : अँड्रॉइडसाठी छान. आता 'मालकीचा'. जीपीएल या लिनक्सच्या मुक्त परवान्याखालच्या कोडलाही मालक असतोच, कॉपीराइट कुणाचा तरी असतो. अडचण सोर्स आणि हक्क न मिळण्याची आहे, म्हणून 'बंदिस्त'.

प्रश्नकर्ता : पटलं. असा ड्रायव्हर चढवला की कर्नल स्वतःला 'टेन्टेड' म्हणवतो, त्याला?

प्रतिसाद ३ : 'बाटलेला'! मॉड्यूल (कर्नलमध्ये चढवलेला तो ड्रायव्हर) काढून टाकलं तरी ती खूण रीबूट होईपर्यंत जात नाही. शब्द चपखल बसतो.

प्रतिसाद १ : चपखल आहे, पण त्याला सोवळ्या-ओवळ्याचा वास येतो. इथे मामला साधा आहे: न दिसणाऱ्या कोडमधली चूक शोधायला कर्नलवाले वेळ घालवत नाहीत, म्हणून आधीच खूण. 'डाग लागलेला' पुरे.

प्रश्नकर्ता : ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला, पण ग्राफिक्सच्या लायब्ऱ्या बंदच ठेवल्या. मग 'अर्धबंदिस्त'?

प्रतिसाद २ : नको. कुठला भाग खुला, कुठला बंद, ते वाक्यातच लिहा.