आयर्लंडच्या मंदीत जनता इतकी शांत का राहिली?

प्रश्न

२००८ नंतरच्या आयर्लंडविषयी वाचताना एक गोष्ट मला उलगडत नाही. ३० सप्टेंबर २००८ रोजी सरकारने सहा बँकांच्या सुमारे ४४० अब्ज युरोंच्या देण्यांची हमी जाहीर केली आणि खासगी बँकांनी बिल्डरांना वाटलेल्या कर्जांचा तोटा अखेर करदात्यांच्या माथी आला. पगार व भत्ते कापले गेले, नवे कर लागले आणि पाच टक्क्यांच्या आत असलेली बेकारी २०१२ च्या सुमारास पंधरा टक्क्यांवर पोहोचली. त्याच काळात अथेन्समध्ये रस्ते पेटलेले असताना डब्लिन मात्र शांत दिसते. ही भीती होती, की लोकांना तो मार्ग खरोखरच पटला होता? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

डब्लिन शांत होते, हे पूर्णपणे खरे नाही. सत्तरीपुढील सर्वांना मिळणारे मोफत उपचारांचे कार्ड सरसकट बंद करण्याचे ऑक्टोबर २००८ च्या अर्थसंकल्पात ठरले, तेव्हा हजारो वृद्ध लेन्स्टर हाउस या संसद भवनासमोर जमले आणि सरकारला उत्पन्नमर्यादा वाढवून बरीच माघार घ्यावी लागली. पुढे खरा राग मतपेटीतून बाहेर पडला. १९३२ पासून प्रत्येक निवडणुकीत सर्वांत मोठा ठरलेला फियाना फॉइल हा पक्ष फेब्रुवारी २०११ मध्ये ७७ जागांवरून २० वर आला आणि त्याच्यासोबत सत्तेत असलेल्या हरित पक्षाच्या सहाही जागा गेल्या.

दुर्दैव असे, की या मतदानाने माणसे बदलली, धोरण बदलले नाही. नोव्हेंबर २०१० मध्येच युरोपीय संघ आणि नाणेनिधीशी ८५ अब्ज युरोंच्या आर्थिक मदतीचा करार झाला होता. त्यातले साडेसतरा अब्ज आयर्लंडचे स्वतःचेच होते आणि त्यासाठी निवृत्तिवेतनाच्या राखीव निधीलाही हात घालावा लागला. दर तिमाहीच्या तपासणीनंतरच पुढचा हप्ता मिळत असल्यामुळे फिने गेल आणि मजूर पक्ष यांच्या नव्या सरकारनेही तीच कपात पुढे चालवली.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादात निवडणुकीचे चित्र आले आहे. परंतु माझ्या मते खरे कारण घराच्या कर्जात आहे. २००७ च्या शिखरानंतर घरांच्या किमती साधारण निम्म्यावर आल्या, त्यामुळे तेजीच्या शेवटच्या वर्षांत घर घेतलेल्या तरुण जोडप्यांचे कर्ज घराच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठे झाले. बँकेला किल्ली परत दिली तरी उरलेले कर्ज सुटत नसे, आणि २०१२ चा कायदा येईपर्यंत दिवाळखोरीचा शिक्का तब्बल बारा वर्षे राहत असे. अशा माणसाला संपापेक्षा पुढच्या महिन्याचा हप्ता मोठा वाटतो.

लीट्रिम, लाँगफर्ड यांसारख्या परगण्यांत तर करसवलतींच्या आधारावर, राहायला माणसे आहेत की नाहीत याचा विचार न करता वसाहती उभ्या राहिल्या होत्या. २०१० च्या सरकारी पाहणीत देशभर २,८०० हून अधिक अर्धवट बांधलेल्या वसाहती आढळल्या. काही ठिकाणी मोजकी कुटुंबे राहत होती आणि भोवती रस्त्यावर दिवे नव्हते, सांडपाण्याची सोयही धड नव्हती. घराला गिऱ्हाईक किती देईल हेही कळत नसे, कारण जाहिरातीत मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष सौदा यांत मोठे अंतर असे. प्रत्येक विक्रीची किंमत इंटरनेटवर पाहता येईल अशी नोंदवही सप्टेंबर २०१२ मध्ये खुली झाली, तेव्हा कुठे लोकांना आपल्या गल्लीतले खरे आकडे दिसले.

यात लाजेचाही भाग मोठा होता. अर्थमंत्री ब्रायन लेनिहन यांनी २०१० मध्ये तेजीची मौज आपण सगळ्यांनीच केली, अशा अर्थाचे विधान केले. ज्यांनी केवळ राहण्यापुरते एक घर घेतले त्यांना बँकेच्या संचालकांबरोबर एकाच ओळीत बसवणारे हे वाक्य मला आजही अन्यायाचे वाटते. पण अनेकांनी ते मनाला लावून घेतले, आणि स्वतःलाच दोषी मानणारा माणूस मोर्चात जात नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. पण मग ज्यांच्यावर घराचे कर्जच नव्हते, ते तरुण कुठे होते?

प्रतिसाद ३

त्यांतले पुष्कळ जण पर्थ, टोरंटो आणि लंडनला होते. २०१२ आणि २०१३ या दोन्ही वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक लोक देश सोडून गेले. पंचविशीच्या आतील बेकारांचा भत्ता टप्प्याटप्प्याने कमी होत २०१४ पर्यंत आठवड्याला १०० युरोंवर आला होता, त्यामुळे थांबण्यासारखे फारसे उरले नव्हते. परदेशी गेलेल्या सर्वसामान्य नागरिकाला तेथून मतदान करता येत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे सर्वांत संतप्त पिढी राजकारणातून कशी वजा झाली ते कळते. आईवडील रविवारी स्काइपवर नातवंडे पाहू लागले आणि खेड्यांतल्या गेलिक फुटबॉलच्या संघांना खेळाडू मिळेनासे झाले.

तरीही सगळे गप्प नव्हते. कॉर्क परगण्यातल्या बॅलिहे गावात बँकांच्या रोखेधारकांना पैसे देण्याविरुद्ध मार्च २०११ पासून दर रविवारी मोर्चा निघत असे. मोठा उद्रेक मात्र २०१४ मध्ये पाणीपट्टीवरून झाला, म्हणजे मदतीचा कार्यक्रम डिसेंबर २०१३ मध्ये संपल्यानंतर. करातून आधीच भरलेल्या पाण्यासाठी पुन्हा पैसे मागितले जात आहेत, अशी लोकांची भावना होती. वसाहतीवसाहतींतले फेसबुक गट मीटर बसवणारी गाडी आल्याची खबर क्षणात पसरवत आणि शेजारी रस्त्यावर उभे राहत. इथे लाजण्यासारखे काही नव्हते आणि नकार देणेही सोपे होते: बिल भरायचेच नाही. २०१६ मध्ये ही आकारणी स्थगित झाली, पण सरकारने बँकांत घातलेले ६४ अब्ज युरो तोवर कधीच खर्ची पडले होते.