भावाला बेचेट्स निघालाय, एचएलए-बी५१ पॉझिटिव्ह आलंय, मुलांची पण टेस्ट करू का?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी, कुणाला बेचेट्स डिसीजची (रक्तवाहिन्यांना सूज येणारा आजार) माहिती असेल तर प्लीज सांगा. माझ्या मोठ्या भावाला कॉलेजपासून सारखं तोंड यायचं, घरात सगळे म्हणायचे उष्णता झालीय, बी कॉम्प्लेक्स घे, जागरण करू नको. बरं व्हायचं आणि पंधरा दिवसांत परत तेच. दिवाळीनंतर एक डोळा लाल झाला, धूसर दिसायला लागलं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज) सांगितलं आणि त्यांनीच खोदून विचारलं की तोंड येतं का, लघवीच्या जागी जखमा होतात का, पायावर गाठी येतात का. मग रुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचे डॉक्टर), मग हे निदान. आता कोल्चिसिन आणि अझाथायोप्रिन चालू आहे. रक्तात एचएलए-बी५१ नावाचा जीन पॉझिटिव्ह. आई म्हणते आपल्या घराण्यात असलं कुणालाच नव्हतं, मग आलं कुठून? आणि माझ्या थोरल्या मुलाला पण अधूनमधून तोंड येतं, म्हणून रात्रभर डोक्यात तेच चालू असतं. मुलांची ही टेस्ट करून घेऊ का?

संधीवात_शिकाऊ:
ताई, रुमॅटॉलॉजीचं ट्रेनिंग चालू आहे माझं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. बिनालक्षणाच्या मुलांची बी५१ टेस्ट करू नका असंच मी सांगेन. हा जीन असणारी बहुतेक माणसं जन्मभर ठणठणीत असतात, आणि उलट बेचेट्सच्या कितीतरी पेशंटमध्ये तो नसतोच. मग मुलाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी करायचं काय, औषध तर देणार नाही, नुसता घोर लागेल.

बी५१ जीनपासून बनतो तो पेशीच्या पृष्ठभागावरचा एक रेणू, आतल्या प्रोटीनचे तुकडे बाहेर धरून इम्यून सिस्टिमला दाखवणं हे त्याचं काम. ते तुकडे आधी कापूनछाटून मापाचे करतं इआरएपी१ नावाचं एन्झाइम. २०१३ मध्ये असं दिसलं की या एन्झाइमचा एक विशिष्ट प्रकार आईवडील दोघांकडून आला आणि सोबत बी५१ पण असला तर धोका बराच वाढतो. शिवाय आयएल१०, आयएल२३आर असे बाकीचे जीन आहेत, प्रत्येकाचा वाटा छोटा. आईवडिलांकडे यातलं थोडं थोडं असतं, त्यांना काही होत नाही, एखाद्याच मुलात सगळं जुळून येतं. म्हणून घराण्यात कुणाला नव्हतं हे आईचं म्हणणं अगदी बरोबर असू शकतं, आणि दोष कुणाचाच नाही हे त्यांना नक्की सांगा.

एक वेगळा प्रकार मात्र आहे. टीएनएफएआयपी३ या एकाच जीनमधल्या बिघाडाने बेचेट्ससारखाच दिसणारा आजार होतो, २०१६ मध्ये तो ओळखला गेला. तो लहानपणीच सुरू होतो आणि आईवडिलांपैकी एकाला असला तर मुलात यायची शक्यता निम्मी असते. तुमच्या घरी तसं चित्र दिसत नाही.

ड्युसबर्गवाला:
मी जर्मनीत असतो, इथे तुर्की लोक खूप, माझ्या टीममधल्या एकाला हाच आजार आहे म्हणून वाचत गेलो. १९३७ साली इस्तंबूलच्या हुलुसी बेचेट या त्वचेच्या डॉक्टरांनी हे वर्णन लिहिलं, त्यांचंच नाव पडलं. जुन्या रेशीम मार्गावर, तुर्कस्तान, इराणपासून जपानपर्यंत जास्त सापडतो, इस्तंबूलच्या एका सर्व्हेत तर लाखाला ४०० च्या वर. आता गंमत बघा, जर्मनीतल्या तुर्की लोकांत तो मूळच्या जर्मनांपेक्षा कितीतरी जास्त, पण तुर्कस्तानापेक्षा कमी. रक्त तेच, राहायची जागा बदलली, आकडा उतरला. म्हणजे नुसता जीन नाही, हवापाणी, जंतू, राहणीमान काहीतरी आहेच ना?

शांत_सावली:
मला स्वतःला बेचेट्स आहे. रक्त काढलं की सुई टोचलेल्या जागी दुसऱ्या दिवशी लाल फोड, मध्ये पिवळा ठिपका, अगदी तारुण्यपीटिकेसारखा. डॉक्टरांनी सांगितलं याला पॅथर्जी म्हणतात, मुद्दाम हातावर सुई टोचून २४ ते ४८ तासांनी बघतात. ताई, दुसरी गोष्ट दातांची. किडलेला दात, सुजलेल्या हिरड्या असल्या की माझं तोंड जास्त येतं, आणि दात काढला तरी चार दिवस भडकतं. भावाला सांगा दातांच्या डॉक्टरकडे जाणं टाळू नको, फक्त आधी रुमॅटॉलॉजिस्टला विचारून जा.

संधीवात_शिकाऊ:
शांत_सावली, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. तोंडात राहणारा स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस नावाचा जंतू यात संशयित आहे, पेशंटची त्वचा त्याच्या अंशाला जास्तच जोरात प्रतिसाद देते. आणि पॅथर्जीच्या टेस्टआधी सर्जरीला करतात तशी त्वचा स्वच्छ केली तर फोड यायचं प्रमाण घटतं, म्हणजे सुईबरोबर त्वचेवरचं काहीतरी आत जात असावं. ड्युसबर्गवाले, त्यामुळे तुमच्याशी सहमत, फक्त एकच जंतू गुन्हेगार आहे असं आजवर सिद्ध झालेलं नाही.

कृष्णाकाठची:
खूप खूप आभार सगळ्यांचे, आईला वाचून दाखवलं, तिला रडूच आलं. अजून एक, भावाने डोळ्याच्या भीतीने सिगारेट सोडली आणि तोंड उलट जास्त यायला लागलं, तो म्हणतो परत चालू करतो. हे खरंच असतं का?

संधीवात_शिकाऊ:
असतं, बेचेट्समध्ये सिगारेट सुटल्यावर तोंड जास्त आलेले पेशंट आहेत. पण परत चालू अजिबात करू देऊ नका, या आजारात रक्तवाहिन्यांना सूज येते, गुठळ्या होतात, त्यात सिगारेटची भर नको. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, तोंडासाठी लावायचं स्टेरॉइड आहे, अप्रेमिलास्ट नावाची गोळी पण आहे. तरुण पुरुषांत डोळ्याचा त्रास जास्त जोरात होतो, तेव्हा लाली नसली तरी डोळ्यांची तारीख चुकवू देऊ नका. थोरल्याचं हिमोग्लोबिन, बी१२, आयर्न आधी बघून घ्या, मुलांमध्ये तोंड यायची साधी कारणं खूप असतात. वर्षात तीनदा किंवा जास्त आलं, किंवा सोबत डोळा, गुप्तांगाची जखम असं काही दिसलं, तर मात्र मामाचा आजार सांगून डॉक्टरांना दाखवा.