लाल कांगारूची मादी निळी कशी? (रंगांचे शब्द हवे आहेत)

गोदाकाठ:
लहान मुलांच्या एका पुस्तकाचं मराठी करते आहे. ऑस्ट्रेलियातले प्राणी, पानभर चित्र आणि खाली चार ओळी. 'रेड कांगारू'ला लाल कांगारू लिहिलं आणि पुढे निघाले, तर चौथ्या ओळीत गाडी अडली. या लाल कांगारूच्या मादीला तिकडे 'ब्लू फ्लायर' म्हणतात म्हणे. चित्रातली मादी मला तरी राखाडी दिसते. 'लाल कांगारूची मादी निळी असते' असं छापलं तर पोरं म्हणतील बाईंचं काहीतरी चुकलंय. पुढच्या पानावर आणखी दोन 'ग्रे' कांगारू उभे आहेत, एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा. ते राखाडी की करडे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मधुमालती:
राखाडीच बरं. करडी म्हटलं की मला आधी नजर आठवते.

ॲडलेडकर:
इथे येऊन बारा वर्षं झाली, पहिली दोन वर्षं माझाही हाच घोळ होता. ॲडलेडहून उत्तरेला फ्लिंडर्सच्या डोंगरांकडे गेलं की एका संध्याकाळीत तीन जाती दिसू शकतात. उघड्या माळावर लाल, झाडीच्या कडेने पश्चिमी ग्रे, आणि खडकाळ उतारावर युरो. (युरो हा वॉलरूचा, म्हणजे कांगारूच्याच एका दणकट भाऊबंदाचा, एक प्रकार. चलनाशी संबंध नाही, शब्द तिथल्याच अड्न्यामथन्हा लोकांच्या भाषेतून आलेला.) रंगावरून ओळखायला गेलात की फसलात.

गेल्या हिवाळ्यात हॉकर गावाच्या पुढे रस्त्याकडेला गाडी लावून बसलो होतो. वीसेक पावलांवर एक थोराड नर आणि तीन माद्या चरत होत्या. नर विटेच्या भुकटीच्या रंगाचा. दोन माद्या पावसाने भरलेल्या ढगासारख्या, राखेत निळीचं बोट बुडवावं तशा. तिसरी मात्र नराइतकीच तांबूस. लेकीने विचारलं, "बाबा, तो छोटा नर आहे का?" तेवढ्यात तिच्या पोटाच्या पिशवीतून पिल्लाचा एक लांबलचक पाय बाहेर आला आणि प्रश्न मिटला.

म्हणजे 'नर लाल, मादी निळी' हा नियम नाही, नुसता कल आहे. पूर्वेकडे निळ्या माद्या जास्त, आतल्या कोरड्या मुलखात तांबड्या माद्याही पुष्कळ. क्वचित निळसर नरही भेटतो. त्यात नराच्या गळ्याच्या आणि छातीच्या कातडीतून गुलालासारखी एक पूड सुटते, तीही केसांना लागते. म्हणजे थोडा रंग अंगचा, थोडा वरून माखलेला! जात ओळखायची तर थोबाड बघायचं. लाल जातीत नाकाच्या बाजूला काळे-पांढरे डाग आणि तोंडापासून कानाकडे गेलेला पांढरा पट्टा असतो. पोटही पांढरं.

पश्चिमी ग्रे तर नावापुरताच ग्रे. अंगाने चांगला तपकिरी, काही तर मशेरीच्या डबीत लोळून आल्यासारखे. देमारे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने 1817 मध्ये त्याला 'फुलिजिनोसस' नाव दिलं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ काजळीच्या रंगाचा. माणसाची नजर बरोबर होती, इंग्रजी नावाने घोळ केला. लाल कांगारूला 'रुफस', म्हणजे तांबूस, हे नावही त्याचंच, 1822 मधलं. ग्रे जातींत नर-मादीच्या रंगात डोळ्यांत भरावा असा फरक नाही. पश्चिमी ग्रेच्या नराला मात्र उग्र दर्प असतो, म्हणून इकडे त्याला 'स्टिंकर' म्हणतात. वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे राहिलात तर रंगाची गरजच नाही.

रोही:
मी विदर्भातला, नावावरून कळलं असेलच. अहो, हा प्रश्न आपल्याकडे कधीच सुटलाय. नीलगाय घ्या, आमच्याकडे तिलाच रोही म्हणतात. निळसर असतो तो नर, मादी आणि पिल्लं पिंगट. तुमच्या कांगारूच्या नेमकं उलट. नाव नराच्या रंगावरून ठेवलं आणि वर त्याला गाय म्हटलं! काळवीटही तसंच, काळा तो नर, मादी कुठे काळी असते? गव्याच्या गाईसुद्धा बैलापेक्षा तपकिरीच. एका लिंगाचा रंग अख्ख्या जातीला चिकटवायची खोड इंग्रजांचीच नाही.

निळ्याबद्दल म्हणाल तर जनावराच्या अंगावरचा निळा आणि आकाशाचा निळा हे वेगळे. खंडोबाची तळी भरताना 'निळा घोडा' म्हणतो, तो काय शाईत बुडवलेला होता? बिनधास्त 'निळी' लिहा. (आमच्या हरभऱ्यात घुसलेल्या रोह्याला निळा कुणीच म्हणत नाही, तेव्हा वेगळेच शब्द निघतात. ते मुलांच्या पुस्तकात नकोत.)

माझी तक्रार 'लाल'वर आहे. कुंकू लाल, मिरची लाल. माती, गाय, फुटणारी पहाट ही सगळी तांबडी. तो कांगारू तांबडाच.

मधुमालती:
आणि लाल सिंधी गाय?

रोही:
ते सरकारी नाव. दावणीला बांधली की तांबडी.

गोदाकाठ:
निळा घोडा लहानपणापासून ऐकतेय, पण त्याच्या रंगाचा विचार कधी केलाच नव्हता! अवांतर: गोऱ्यांनी प्राण्याचं नाव विचारलं, तिथला माणूस त्याच्या भाषेत 'मला समजत नाही' म्हणाला आणि तेच 'कांगारू' हे नाव पडलं, ही गोष्ट पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आहे. ठेवू ना?

ॲडलेडकर:
काढा ती! 1770 मध्ये जेम्स कुक या इंग्रज दर्यावर्दीचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला एंडेव्हर नदीच्या मुखाशी दुरुस्तीला थांबलं, तेव्हा तिथल्या गूगू यिमिथिर लोकांकडून हा शब्द घेतला. त्यांच्या भाषेत 'गंगुर्रु' हे एका विशिष्ट मोठ्या कांगारूचं नाव आहे, सरसकट सगळ्यांचं नाही. जॉन हॅविलंड या भाषाशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात त्या लोकांमध्ये राहून भाषा अभ्यासली, तेव्हा शब्द जिवंतच होता. म्हणजे एकाचं नाव सगळ्यांना लावायचा उद्योग तिथूनच सुरू झाला. आपण तर पुढे जाऊन क्रिकेट संघालाही लावलं, 'कांगारूंची दाणादाण'!

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार. आता असं केलंय: 'तांबडा कांगारू. नर तांबडा असतो. मादी बऱ्याचदा निळी, आपल्या नीलगाईच्या नरासारखी. कधी कधी तीही तांबडी.' पूर्वेचा राखाडी, पश्चिमेचा काजळी. 'फ्लायर' तेवढा राहिला. 'उडती' लिहिलं तर पंख काढून द्यावे लागतील.

ॲडलेडकर:
अंगाने नरापेक्षा बरीच हलकी आणि धावायला वेगवान, म्हणून फ्लायर. उडण्याशी संबंध नाही.

रोही:
निळी सुसाट.

गोदाकाठ:
घेतला!