मदत हवी: स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस १.८ टर्बो, तीन हजारच्या वर ओढतच नाही

नांदेड_आरएस
गाडी तीन हजार आरपीएमपर्यंत चांगली आहे. पुढं पाय दाबला की नुसता आवाज, ओढ नाही. गिअर बदलताना झटका देऊलालीय. सिग्नलला थांबलं की आरपीएम पाचशेवर येतो, कधीकधी बंदच पडते. पिवळा दिवा लागून राहिलाय. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, टर्बो गेला, बदला. इथं या गाडीला हात लावणारं दुसरं कुणी नाही, बाकी सगळं काम मी घरीच करतो. प्लग नवीन आहेत. टर्बो घेऊ का नको? सेकंडहँड मिळूलालाय, त्या माणसाला उद्या सांगायचंय.

शेंद्रा_पाना
टर्बोचं नंतर बघू. गाडी कोणत्या सालची, किती चाललेली? दिव्याचा कोड काय? कंपनीचं नसलेलं काय काय बसवलंय? प्लग नवीन म्हणजे कोणते, गॅप किती? यातलं एकही लिहिलेलं नाही.

लातूर_इंटरकूलर
मराठवाड्यात ४३ डिग्रीला त्या मडगार्डमधल्या एवढ्याशा इंटरकूलरनं (टर्बोनं दाबलेली हवा थंड करणारा) काय होणार? हवा तापली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इग्निशन मागं ओढतो आणि पॉवर जाते. बंपरच्या मागं मोठा फ्रंट इंटरकूलर टाका, सोबत स्टेज वन रिमॅप, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलणं. १५० हॉर्सपॉवरची गाडी १८०-१९० पर्यंत जाते. प्रश्नच मिटला.

बीड_जुगाडू
सगळ्यात आधी थर्मोस्टॅट काढून टाका. उन्हाळ्यात त्याचं काही काम नसतं. कूलंटमध्ये बोअरचं पाणी चालतं, फक्त वर्षातून एकदा बदला.

नांदेड_आरएस
गाडी गरम होते असं मी कुठं म्हटलं?
२००५ ची आहे, एक लाख चाळीस हजार किमी. सगळं स्टॉक, कंपनीचंच आहे. प्लग दुकानदारानं दिले ते, गॅप आला तसा. कोड काढायचं मशीन गॅरेजवाल्याकडे. टर्बोचं सांगा ना राव.

जालना_बेअरिंग
@बीड_जुगाडू, विचारलं नसलं तरी वाचणारे करून बसतील म्हणून लिहितो. या इंजिनचा थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडं कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व, साधारण ८७ डिग्रीला उघडतो. तो काढला की इंजिन हायवेवर कायम थंड, ईसीयूला वाटतं अजून वॉर्मअप चाललंय आणि पेट्रोल जास्त जातं. ऑइलमधली वाफ उडत नाही, स्लज (चिकट गाळ) धरतो. १.८टी, म्हणजे हेच इंजिन, तसाही स्लजसाठी बदनाम आहे, ऑइल पंपाच्या जाळीत गाळ अडकला की टर्बोला ऑइल कमी पडतं. आणि बोअरचं पाणी? आपल्याकडच्या जड पाण्यानं रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतो. गुलाबी जी१२ कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हिरवा कूलंट त्यात ओतायचा नाही, चॉकलेटी चिखल होतो.

बीड_जुगाडू
आमच्याकडं सगळ्या ट्रॅक्टरना बोअरचंच पाणी आहे. चालतात.

शेंद्रा_पाना
ट्रॅक्टरला टर्बो पेट्रोल इंजिन आणि प्लास्टिकच्या पंख्याचा वॉटर पंप नसतो. तो विषय इथंच सोडा.

@नांदेड_आरएस, गाडी लॅपटॉपला जोडणारी केकेएल ४०९ ची यूएसबी केबल ऑनलाइन स्वस्तात मिळते, या पिढीच्या गाडीला तीच पुरते. जुन्या लॅपटॉपवर व्हीसीडीएस लाइट हे सॉफ्टवेअर टाका. साध्या ब्लूटूथ स्कॅनरनं कोड दिसेल, पण मेजरिंग ब्लॉक (सेन्सरच्या चालू आकड्यांचे गट) दिसणार नाहीत, आणि मला तेच हवेत:
ब्लॉक ०३२, गरम इंजिन, आयडलला (गाडी उभी, पाय काढून). दोन टक्केवाऱ्या दिसतील, ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्या.
ब्लॉक ००२, एमएएफ (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर) ग्रॅम प्रति सेकंद, आयडलला आणि तिसऱ्या गिअरला फुल पाय देऊन.
ब्लॉक ११५, तसाच तिसरा गिअर, २००० ते ५०००. मागितलेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट. लॅपटॉप बाजूच्या सीटवरच्या माणसाकडं द्या, रस्ता मोकळा बघून करा.
आणि एक सांगा, गिअर बदलताना फुस्स असा आवाज येतो का?

नांदेड_आरएस
येतो ना, मस्त येतो. ब्लो-ऑफ बसवलाय, जास्तीची हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व. कोन फिल्टर पण आहे, धुवून तेल मारायचा. ते तर सगळेच बसवतात, त्याला काय मॉडिफिकेशन म्हणायचं?

शेंद्रा_पाना
झालं. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये हे असतं तर निम्मा धागा वाचला असता.

या गाडीत एमएएफ सेन्सर टर्बोच्या आधी आहे. आत शिरलेली हवा तो मोजतो आणि ईसीयू तेवढं पेट्रोल सोडतो. कंपनीचा डायव्हर्टर व्हॉल्व जास्तीची हवा परत टर्बोच्या तोंडाशी नेतो, म्हणजे हिशोब जुळतो. तुमचा व्हॉल्व तीच मोजलेली हवा बाहेर फेकतो. हवा गेली, पेट्रोल आलं, मिश्रण रिच, म्हणून गिअर बदलताना झटका आणि थांबताना बंद पडणं. त्यात स्प्रिंग नरम असेल तर आयडलला मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडं हवा नेणारा भाग) व्हॅक्युमनं तो अर्धवट उघडा राहतो आणि बाहेरची न मोजलेली हवा आत ओढतो, तीही फिल्टर न होता. आपल्या काळ्या मातीची धूळ थेट सिलिंडरमध्ये. आवाजासाठी एवढी किंमत.

तेल मारलेला कोन फिल्टर वेगळाच. जास्त तेल मारलं की ते उडून एमएएफच्या फिल्मवर बसतं, मग तो हवा कमी दाखवतो. कोड आणि ब्लॉक पाठवा.

लातूर_इंटरकूलर
ब्लो-ऑफला नावं ठेवू नका. लाखो गाड्यांना आहे.

जालना_बेअरिंग
मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब मोजून, पेट्रोल ठरवणाऱ्या गाड्यांना चालतो. एमएएफवाल्याला नाही. आणि परदेशी आरएसचे आकडे वाचून इथं हिशोब लावू नका, तिकडची १८० हॉर्सपॉवरची होती, आपल्याकडं आली ती १५० ची. बूस्टचे आकडे वेगळे.

नांदेड_आरएस
केबल आली. हे घ्या.
कोड १७५४४ आणि १७७०५.
ब्लॉक ०३२: पहिली +९.६, दुसरी +१४.
एमएएफ आयडलला २.३, फुल पायाला ७१.
ब्लॉक ११५, ३५०० ला: मागितला १५८०, मिळाला १२९०.
चावी चालू आणि इंजिन बंद असताना ९६०, ते काय?
आता तरी टर्बोचं सांगा.

शेंद्रा_पाना
९६० म्हणजे नांदेडच्या हवेचा दाब, सेन्सर बरोबर आहे. १२९० मधून तो वजा करा, उरले ३३० मिलीबार. ही या गाडीच्या के०३ टर्बोच्या वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) स्प्रिंगची ताकद. म्हणजे एन७५ (ईसीयूच्या हुकमानं बूस्ट वाढवणारा व्हॉल्व) काम करतच नाही, किंवा १७७०५ नं ईसीयूनं बूस्ट सोडून दिलाय आणि गाडी लिम्प मोडमध्ये (इंजिन वाचवायला ताकद कमी) आहे. टर्बो गेल्याचा हा पुरावा नाही.

१७७०५ म्हणजे टर्बो ते थ्रॉटल यांच्यामध्ये दाब गळतोय. १७५४४ म्हणजे आयडलला हवा जास्त. ०३२ चा पहिला आकडा आयडलचा, तो अधिकमध्ये गेला की मॅनिफोल्डकडं व्हॅक्युम गळती. दुसरा धावतानाचा, तो चढला की एमएएफ कमी मोजतोय किंवा पेट्रोल कमी पोचतंय. एमएएफच्या आकड्याला ०.८ नं भागलं की हॉर्सपॉवरचा ढोबळ अंदाज येतो. ७१ म्हणजे ८९. लिम्प मोड धरूनही कमीच आहे.

जालना_बेअरिंग
दुसऱ्या आकड्यातले काही टक्के पेट्रोलचेही आहेत. ही गाडी शुद्ध पेट्रोलच्या हिशोबानं सेट केलेली. २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल सात-आठ टक्के जास्त सोडावं लागतं, ते ट्रिममध्ये (०३२ च्या आकड्यांत) अधिक म्हणून दिसतं. त्यामुळं आता शून्याची वाट बघू नका. सहा-सात उरले तरी चालेल. इंजिनकडचे जुने पेट्रोल पाइप मात्र हातानं दाबून बघा, कडक किंवा ओलसर लागले तर बदला.

शेंद्रा_पाना
आता गळती शोधा. एमएएफच्या पुढं, टर्बोकडं जाणारा रबरी पाइप मोकळा करा. त्याच्या तोंडाचा व्यास मोजा, बहुतेक ७५ एमएमची पीव्हीसी एंड कॅप जमते. ढिली झाली तर जुन्या ट्यूबचा पट्टा गुंडाळा. कॅपला साडेअकरा एमएमचं भोक पाडा, त्यात ट्युबलेस टायरचा व्हॉल्व. कॅप बसवा, क्लिप आवळा.

हवा भरण्याआधी एक काम विसरू नका. त्याच पाइपाला क्रँककेसच्या ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या पोटातली तेलाची वाफ बाहेर काढणारी, नळी येते. ती काढून दोन्ही बाजूंना बूच मारा. नाहीतर दाब इंजिनच्या पोटात जातो आणि क्रँकचं ऑइल सील बाहेर ढकललं जातं. मग टर्बोपेक्षा मोठं काम निघेल.

इंजिन थंड, चावी बंद. १० पीएसआयपर्यंत भरा, १५ च्या वर अजिबात नाही. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर रेग्युलेटरशिवाय जोडू नका, गेजवाला पायपंप बरा. थोडी हवा उघड्या व्हॉल्वमधून सायलेन्सरनं जाणारच. साबणाचं पाणी मारत चला: ब्लो-ऑफचं बूड, थ्रॉटलचा पाइप, इंटरकूलरचे दोन्ही जोड. इंटरकूलर उजव्या मडगार्डच्या आत आहे, चाकाचं लायनर काढल्याशिवाय खालचा जोड दिसत नाही. मॅनिफोल्डच्या खाली ब्रीदरचे रबरी एल्बो आणि एकदिशा व्हॉल्व आहेत, ते बॅटरी टॉर्च आणि आरसा घेऊन हातानं चाचपा.

कॅप काढली की टर्बोचा शाफ्ट बोटानं हलवा. बाजूला किंचित हलला तर चालतं. आत-बाहेर हलायला नको, पाती घराला घासायला नकोत.

नांदेड_आरएस
चार पीएसआयच्या वर दाब जातच नाही. ब्लो-ऑफच्या बुडाशी बुडबुडे. इंटरकूलरच्या खालच्या जोडाला तर स्प्रे मारायच्या आधीच हवा हाताला लागूलाली. मॅनिफोल्डखालचा एल्बो दाबला तर तुकडा पडून खाली गार्डवर. आतून तेलकट, बाहेरून वाळलेला. शाफ्ट बाजूला थोडा हलतो, आत-बाहेर नाही. एल्बोला एमसील लावू का?

बीड_जुगाडू
लावा. वर कापडी टेप. वर्षभर बघायला नको.

जालना_बेअरिंग
तेलकट रबरावर एमसील धरत नाही. सुटलेला तुकडा मॅनिफोल्डच्या व्हॅक्युमनं आत जाऊ शकतो. पूर्ण ब्रीदरचा सेट घ्या, एक एल्बो गेला की बाकीचे रांगेत असतात. साधे निळे सिलिकॉन पाइप इथं लावू नका, तेलाच्या वाफेनं फुगतात आणि क्लिपमधून सरकतात. मूळ रबरीच घ्या, नाहीतर आतून फ्लुरोसिलिकॉन असलेले. एकदिशा व्हॉल्व तोंडानं फुंकून बघा, एकाच बाजूनं हवा गेली पाहिजे. उलटा बसवला तर बूस्ट क्रँककेसमध्ये.

लातूर_इंटरकूलर
लायनर काढलंच आहे तर इंटरकूलर बदलूनच टाका ना. पुन्हा कुठं उघडता.

शेंद्रा_पाना
गळका जोड तसाच ठेवून मोठा इंटरकूलर लावला तर गळती तेवढीच, भरायला पाइप जास्त, बूस्ट आणखी उशिरा. आणि बंपरचा क्रॅश बार कापावा लागतो. नको.

नांदेडकर, क्रमानं करा. इंटरकूलरचा पाइप आणि तोटी दोन्ही ब्रेक क्लीनरनं तेलमुक्त पुसा, कोरडे बसवा. टी-बोल्ट क्लिप लावा, ती चहूबाजूंनी सारखी आवळते. ब्लो-ऑफ काढा, जागी कंपनीचा ७१० एन डायव्हर्टर. घेताना बारीक तोटीला तोंडानं ओढून जिभेनं बंद करा, व्हॅक्युम टिकला पाहिजे. सेकंडहँडचा पडदा बहुतेक फाटलेला असतो. तेलाचा कोन काढा, मूळ एअर बॉक्स आणि कागदी फिल्टर. एमएएफ हाउसिंगसकट काढून एमएएफ क्लीनरनं दुरून फवारा. कार्ब्युरेटर क्लीनर नको, ब्रश किंवा कापूस लावायचा नाही. पूर्ण वाळू द्या. प्लग काढून एनजीके पीएफआर६क्यू, गॅप ०.८, थंड इंजिनमध्ये ३० न्यूटन मीटर. थ्रॉटल साफ केलात तर चावी चालू, इंजिन बंद ठेवून व्हीसीडीएसमधून बेसिक सेटिंग ०६०. शेवटी कोड पुसा. न पुसता फिरलात तर लिम्प मोडचेच आकडे येतील. तेव्हाही बूस्ट ३३० वरच अडकला तर मग एन७५.

लातूर_इंटरकूलर
आणि आरटीओचं कुणी बोलत नाही. एक्झॉस्ट, ब्लो-ऑफ, सगळं पकडतात आता.

जालना_बेअरिंग
तुम्हीच वर क्रॅश बार कापायला लावत होतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यालाही लागू होऊ शकतं.

नांदेड_आरएस
टर्बोवाल्याला नाही म्हणून सांगितलं. सगळं बसवलं, एन७५ ला हात लावला नाही.
०३२: +२.१ आणि +६.३.
एमएएफ ११४.
११५ ला ३५०० वर: मागितला १५८०, मिळाला १५६०.
आयडल ८०० ला स्थिर. झटका नाही. फुस्स पण नाही.

शेंद्रा_पाना
चांगलं आहे. पाचशे किमीनंतर ०३२ पुन्हा बघा, पहिला आकडा पाचच्या वर गेला तर ब्रीदरचा एखादा जोड अजून गळतोय. आणि दीड लाख जवळ आलेत, टायमिंग बेल्ट कधी बदलला ते लिहिलेलं नाही. माहीत नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि धातूच्या पंख्याचा वॉटर पंप एकदमच.

परळी_लॉरा
माझी स्कोडा लॉरा पण चढाला ओढत नाही. हा ७१० एन तिला बसेल का? डिझेल आहे.

जालना_बेअरिंग
डिझेलला डायव्हर्टर व्हॉल्व नसतो. नवीन धागा काढा, साल, किलोमीटर आणि कोड लिहून.