विंडोज, मॅक की लिनक्स? तुम्ही काय वापरता आणि का, अनुभव सांगा

माझा लॅपटॉप ठणठणीत आहे, पण टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही म्हणून विंडोज ११ च्या अटीत बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालतं मशीन टाकून द्यायला जीव होत नाही. नुसतं अमुक बेस्ट असं नको, रोजच्या कामात काय सोपं गेलं आणि कुठे अडलं ते लिहा.

*

मी याच कारणाने लिनक्स मिंटवर आलो. चार जीबी रॅम आहे, पण हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकली हे आधीच सांगतो, कारण वेग बराचसा तिच्यामुळे वाढलाय, सगळं श्रेय लिनक्सला देणं बरोबर नाही. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये मेनू खाली डावीकडेच आहे त्यामुळे हात आपोआप तिथे जातो. आधी लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून, चालवून बघा, इन्स्टॉल दाबेपर्यंत डिस्क आहे तशीच राहते, आणि वायफाय, आवाज, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, सगळं तिथेच कळतं. मला छळलं ते प्रिंटरने, छापायचा पण स्कॅन करेना, दोन रात्री त्यात गेल्या.

*

मी मॅकवाली. मनासारखे बदल करायला कमी वाव आहे, मान्य. पण माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण माझ्याच हातून खोडलं गेलं होतं, ते टाइम मशीनमधून (मॅकची बॅकअप सोय) पाच मिनिटांत परत आलं, तेव्हापासून मी हलले नाही. एक मात्र लक्षात ठेवा, एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटची, डिस्क मॅकला लावली तर फाइली वाचता येतात, लिहिता येत नाहीत. दोन्हीकडे वापरायची तर एक्सफॅट फॉरमॅट करून घ्या, आणि त्याआधी डेटा दुसरीकडे हलवा कारण फॉरमॅटमध्ये सगळं जातं.

*

माझं चार वर्षं ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही. पहिल्याच दिवशी घड्याळ चुकलं, मला वाटलं बॅटरी गेली. मग कळलं की विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, म्हणून इकडून तिकडे गेलं की वेळ काही तास सरकते, लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की प्रश्न मिटतो. दुसरं म्हणजे विंडोजमधला फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की शटडाउन पूर्ण होत नाही, अर्धवट झोपवल्यासारखं असतं, आणि मग लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) फाइल सेव्ह होईना म्हणून मी डोकं धरून बसलो होतो. हे दोन केल्यापासून काही त्रास नाही, पण दोन सिस्टिमी सांभाळणं म्हणजे अपडेटही दोनदा, तेवढी तयारी हवी.

*

आईला शिकवताना वेगळंच दिसलं. तिला सिस्टिमचं नावही माहीत नाही, तिला आयकॉन कालच्या जागी हवा. मी हौसेने पॅनल (खालची आयकॉनची पट्टी) वर नेलं तर ती दोन दिवस कॉम्प्युटरजवळ गेली नाही. परत खाली आणलं, ब्राउझर आणि फोटो दोनच आयकॉन मोठे ठेवले. मराठी टायपिंगचं मला टेन्शन होतं पण इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिन्हीकडे मिळतो, बोटं तीच.

*

धागा मीच काढला होता. लाइव्ह यूएसबी करून बघितलं, वायफाय आणि आवाज लगेच चालू, झाकणाची चाचणीही पास. स्कॅनर मात्र सापडत नाहीये. प्रिंटरवाले, तुम्ही शेवटी कोणता ड्रायव्हर टाकलात? बॅकअप कॉपी होतोय तोवर सांगा.