लेसोथो: सानी पासची एक दिवसाची सहल पुरेशी आहे का?

रानवाट: दक्षिण आफ्रिकेतल्या ड्राकेन्सबर्ग पर्वतरांगेत गेलेच आहोत तर लेसोथोत शिरणारा सानी पास हा घाट चढायचा, माथ्यावर दोन तास थांबायचं आणि उतरायचं, असा बेत सर्रास आखला जातो. माझ्या मते हे लेसोथो पाहणं नव्हे. माथा हा देशाचा नुसता पूर्वेकडचा काठ. वस्ती मुख्यतः पश्चिमेच्या पट्ट्यात आहे. राजधानी मासेरू तिथेच, पहिल्या मोशवेश्वे राजाचा थाबा बोसिऊचा डोंगरी किल्लाही तिथेच. किमान तीन रात्री द्या. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेन शहराहून मासेरू साधारण १४० किमी, मासेरू ब्रिजची सीमा चौकी चोवीस तास उघडी. तिथून सेमोंकोंग गाव सुमारे १२० किमी. रस्ता डांबरी आहे, साधी गाडी चालते. तिथला धबधबा १९२ मीटर कोसळतो. पाणी भरपूर हवं तर डिसेंबर ते मार्च जा.

कातळकडा: पटलं नाही. ड्राकेन्सबर्गमध्ये असलेल्या माणसाने मासेरूसाठी अख्खी पर्वतरांग वळसा घालून जायचं? सानी हाच तर तिथला खरा अनुभव: बेसॉल्टच्या कड्यातून वळणावळणांनी २,८७६ मीटरपर्यंत. फक्त स्वतःच्या साध्या गाडीने निघू नका. फोर-बाय-फोर नसेल तर खालच्या दक्षिण आफ्रिकी चौकीवरूनच परत पाठवतात. घाटाच्या पायथ्याकडच्या अंडरबर्ग किंवा हिमव्हिल गावाहून गाडीसह चालक घ्या. शिवाय सोबत ज्येष्ठ असतील तर रात्री खाली येऊन झोपणं हेच बरं. तासाभरात एवढी उंची गाठली की डोकं दुखतं.

शिदोरी: बेत कुठलाही असो, आधी व्हिसा बघा. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा असेल तर लेसोथोत गेल्यावर परतीचा रस्ता बंद, कारण हा देश चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. भाड्याच्या गाडीसाठी सीमा ओलांडायचं परवानगीपत्र कंपनीकडून आधीच लिहून घ्या.

रानवाट: उंचीचा मुद्दा मान्य. पण मासेरू साधारण १,६०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास. तिथे एक रात्र काढली की शरीर सरावतं. एका दिवसाच्या सहलीत ती सवड मिळतच नाही. आणि सानीच्या चौक्या सकाळी ६ ते संध्याकाळी ६. धुकं किंवा बर्फ आला की सगळा दिवस वाया.

कातळकडा: बर्फ जून ते ऑगस्टमध्ये तुमच्या मार्गावरच्या खिंडींतही पडतो. उन्हाळ्यात, म्हणजे तिथे डिसेंबर ते फेब्रुवारीत, दुपारी विजांचं वादळ उठतं, म्हणून सकाळी लवकर चढा. उतरताना खालचा गिअर ठेवा; सतत ब्रेक दाबला की तो तापून निकामी होतो.

शिदोरी: पैशांचंही सांगते. लेसोथोचं चलन लोटी (अनेकवचन मालोटी), दक्षिण आफ्रिकेचं रँड. एक लोटी म्हणजे एक रँड, आणि लेसोथोत रँड सगळीकडे चालतो. उलट मात्र होत नाही. सुटे पैसे बहुधा मालोटीत मिळतात, ते सीमेच्या आतच पेट्रोलवर खर्चून टाका.